मस्टँगच्या एक्झॉस्ट टिप्स आणि त्या बसवून देणारं मकरपुऱ्यातलं वर्कशॉप: माझा रिव्ह्यू

टिप्स चांगल्याच आहेत, पण पैसे वसूल झाले ते फिटिंगमध्ये, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो म्हणजे ज्यांना एवढंच हवंय त्यांचं काम झालं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितोय कारण बडोद्यात स्पोर्ट्स कारचं काम नीट करणारी माणसं शोधावी लागतात, आणि एक्झॉस्ट टिप, म्हणजे एक्झॉस्टच्या पाइपच्या टोकाला मागून दिसणारी नळी, म्हटलं की लोकांना वाटतं त्यात काय, दोन चकचकीत नळ्या, क्लॅम्प आवळला की झालं. तसं अजिबात नसतं हो, मिलिमीटरचं काम आहे ते.

गाडी २०१६ ची मस्टँग जीटी, पाच लिटर व्ही८, म्हणजे फोर्डने भारतात पहिल्यांदा अधिकृतपणे विकायला आणली ती. तेव्हा ६५ लाख एक्स-शोरूम होती आणि आपल्याकडे ४०१ पीएसच्या ट्यूनमध्ये आली. मी सेकंडहँड घेतली, गाडी मस्त ठेवलेली होती, इंजिन गिअरबॉक्स सगळं ठणठणीत, फक्त मागून बघितलं की जीव तुटायचा. आधीच्या मालकाने कुठल्यातरी ॲक्सेसरी शॉपमध्ये मूळच्या टिप्स कापून तिथे स्वस्तातल्या मोठ्या तोंडाच्या टिप्स लावून घेतल्या होत्या, त्यासुद्धा आतून तीन छोटे स्क्रू पाइपवर टेकवून पकडणाऱ्या प्रकारच्या. हे स्क्रू प्रकरण मोटरसायकलवर एक वेळ चालेल, व्ही८ च्या मागे नाही चालत. पाइप तापतो, गार होतो, परत तापतो, स्क्रूची पकड सुटत जाते, मग टिप खाली झुकते आणि आयडलिंगला खुळखुळायला लागते. डाव्या बाजूची तर इतकी आत सरकली होती की एक्झॉस्टचा गरम झोत थेट बंपरच्या खालच्या काळ्या प्लॅस्टिकवर जायचा, आणि कटआउटची, म्हणजे टिपसाठी बंपरमध्ये सोडलेल्या खाचेची, वरची कड लाटेसारखी वाकडी झाली होती. हात फिरवला की कळायचं, तिथलं प्लॅस्टिक गुळगुळीत झालेलं, त्यावरची बारीक नक्षी पुसून गेलेली.

आता हा प्लॅस्टिकचा पार्ट बदलायचा म्हटलं तर विचार करा. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथे गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं, आपल्या शेजारचा साणंदचा कारखाना पुढे टाटांकडे गेला. मस्टँग तशीही तिथे बनत नव्हती, ती अमेरिकेतून तयारच यायची, पण पार्ट मागवायचा म्हणजे आता बाहेरून मागवा, कस्टम भरा आणि वाट बघत बसा. म्हणून मला टिप सुंदर दिसण्यापेक्षा ती प्लॅस्टिकपासून लांब राहणं जास्त महत्त्वाचं होतं, आणि पुढचं सगळं मी त्याच नजरेने लिहितोय.

टिप्सबद्दल आधी. चार इंची, गोल, तिरक्या कापाच्या, डबल वॉल, इनलेट आतून साडेत्रेसष्ट मिलिमीटर म्हणजे अडीच इंच, पॉलिश फिनिश. कुठल्याही मोठ्या ब्रँडच्या नाहीत, ऑनलाइन घेतल्या, जोडी नऊ हजारांच्या आसपास पडली. डबल वॉल मुद्दाम घेतल्या कारण आतली भिंत धुराचा ताप खाते आणि मधल्या हवेच्या थरामुळे बाहेरची भिंत त्यामानाने थंड राहते, त्यामुळे बाहेरचं पॉलिश लवकर पिवळं-निळं पडत नाही. सिंगल वॉलच्या पातळ टिप्स महिन्याभरात सोनेरी होतात मग जांभळट निळ्या, काहींना तो रंग आवडतो, मला नाही आवडत. काळ्या पावडर कोटवाल्यांच्या नादाला मी लागलो नाही, इतक्या उष्णतेला साधा पावडर कोट टिकत नाही, कडेपासून पोपडे निघतात. कार्बन फायबरचं आवरण असलेल्याही बघितल्या, दिसतात भारी, पण तो रेझिन उन्हाने आणि उष्णतेने पिवळा पडतो आणि आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे काय असतं ते बडोदेकरांना मी काय सांगणार.

मटेरियल ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील आहे असं बॉक्सवर छापलंय, पण छापायला काय, कोणीही छापतो. इथे बरेच जण लोहचुंबक लावून बघा म्हणतात, चिकटलं नाही की ३०४. हे अर्धवट आहे. चुंबकाने एवढंच कळतं की ते ४०९ सारखं फेरिटिक, म्हणजे चुंबक चिकटणारं स्टील नाहीये. बाजारात २०२ ग्रेडचा ढीगभर माल फिरतो, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, त्यालाही चुंबक चिकटत नाही, दिसायलाही सेम टू सेम, आणि एका पावसाळ्यात तपकिरी ठिपके यायला लागतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, दमट हवेत टिकतं ते त्यामुळे. ह्या वर्कशॉपमध्ये टेस्टिंगचं लिक्विड होतं, स्टीलच्या पाइपवाल्यांकडे असतंच ते, टिपच्या आतल्या बाजूला जिथे दिसणार नाही तिथे जरा घासून थेंब टाकला, छोट्या बॅटरीची वायर टेकवली आणि थांबलो. मँगनीजवालं स्टील असेल तर थेंब लाल होतो. आमचा नाही झाला. मग बाजूला पडलेल्या रेलिंगच्या पाइपच्या तुकड्यावर तेच करून दाखवलं, तो लालभडक. एवढं बघितल्यावर टिप्सबद्दल माझी खात्री पटली, आणि वर्कशॉपबद्दलही.

आता वर्कशॉप. हे कार ॲक्सेसरीवाले नाहीत, मकरपुरा जीआयडीसी ह्या औद्योगिक वसाहतीतलं स्टेनलेसचं फॅब्रिकेशन शॉप आहे, त्यांचं मुख्य काम डेअरी आणि फार्माच्या पाइपिंगचं. अलकापुरी आणि ओल्ड पादरा रोडला चकाचक डिटेलिंगची दुकानं आहेत आणि तिथे सिरॅमिक कोटिंग वगैरे छान करतात, पण पातळ स्टेनलेस नळीचं काम हवं असेल तर माझ्या मते मकरपुऱ्यालाच जावं. कारण सरळ आहे, दूध नाहीतर औषध वाहून नेणाऱ्या नळीचं वेल्डिंग आतून गुळगुळीत लागतं, खडबडीत राहिलं तर त्यात जंतू बसतात, म्हणून हे लोक वेल्डिंग करताना नळीच्या आतसुद्धा आर्गन गॅस सोडतात. तो न सोडता पातळ स्टेनलेस वेल्ड केलं की आतून काळे खरखरीत दाणे येतात आणि पुढे तिथूनच गंज नाहीतर तडा सुरू होतो. बडोदं हे असल्या कामांचं गावच आहे, रिफायनरी, खतांचा कारखाना, फार्मा सगळं आजूबाजूला, आणि सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली तेव्हापासून इथे हाताने काम करणाऱ्याला मान आहे. मला ह्या गोष्टीचा मनापासून अभिमान वाटतो. आपण मुंबई-पुण्याच्या ट्यूनर लोकांची नावं घेत बसतो आणि आपल्याच गावात अर्ध्या मिलिमीटरचं काम करणारी माणसं बसलीयेत त्यांना विचारत नाही.

मालक मराठीच, मूळचे दांडिया बाजारातले, सगळे त्यांना दादा म्हणतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी टिप हातात घेतली, वर्निअर लावला, मग गाडीखाली बसून पाइपचा बाहेरचा व्यास घेतला. साठ मिलिमीटर. टिपचं इनलेट साडेत्रेसष्ट. म्हणजे व्यासात साडेतीनचा फरक, एका बाजूला पावणेदोन. हा गॅप क्लॅम्प आवळून भरायचा प्रयत्न केला की टिपची मान चुरगळते आणि तरी ती एका बाजूला टेकून तिरकी बसते, आधीच्या टिप्सचं दुखणंही बहुतेक अशाच गॅपमुळे सुरू झालं असणार. मी विचारलं, "दादा, मधे पत्रा गुंडाळून नाही का होणार?" ते म्हणाले, "होईल की, पण मग खुळखुळली तर मला फोन करू नका."

मग त्यांनी ३०४ च्या पाइपमधून लेथवर पावणेदोन मिलिमीटर जाडीचे दोन स्लीव्ह, म्हणजे गॅप भरणाऱ्या छोट्या नळ्या, काढले, टिपच्या मानेत बसवले आणि टेबलावरच आर्गन वेल्डिंग केलं, गाडीवर नाही. हे मला फार आवडलं. गाडीवर वेल्डिंग करायचं झालं तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, अर्थिंग वेल्डच्या जवळ घ्या, बंपरला ओलं फडकं लावा, पेट्रोलच्या टाकीची काळजी घ्या, आणि एवढं करूनही इलेक्ट्रॉनिक्सची धाकधूक राहते. टेबलावर तो प्रश्नच नाही. वेल्ड झाल्यावर टिपच्या मानेला आणि स्लीव्हला मिळून चार उभ्या चिरा दिल्या, कानशीने कडा साफ केल्या, म्हणजे क्लॅम्प आवळला की मान चारी बाजूंनी सारखी आत येते आणि पाइपला धरते. क्लॅम्प पण यू-बोल्टवाला नाही, रुंद पट्टीचा. यू-बोल्ट पाइपमध्ये दोन ठिकाणी खड्डा पाडतो आणि मग टिप ना पुढे सरकते ना मागे, ॲडजस्टमेंट विसरा. पट्टीच्या क्लॅम्पने दाब सगळीकडे सारखा येतो आणि उद्या बंपर काढायचा झाला तर टिप सहज निघते. मधे ॲंटी-सीझ, म्हणजे तापून धातू एकमेकांना चिकटू नये म्हणून लावायची पेस्ट, लावलं, पातळच.

स्लीव्हचं काम आतून बघायला मागितलं तर लगेच टॉर्च दिली. आतला वेल्ड चंदेरी, हलकासा सोनेरी, कुठेही काळं नाही. बाहेरून एका टिपच्या मानेवर एक करडा ठिपका राहिलाय, बसवल्यावर बंपरच्या मागे जातो म्हणून सोडून दिला, तरी माझ्या लक्षात आहे.

आता ॲडजस्टमेंट, ज्यासाठी हा सगळा प्रपंच.

टिप चार प्रकारे हलते: आत-बाहेर, वर-खाली, डावी-उजवी आणि स्वतःभोवती गोल. सरळ कापाची टिप असेल तर गोल फिरण्याचा प्रश्न येत नाही, माझ्या तिरक्या कापाच्या असल्यामुळे दोन्हींचा तिरकेपणा एकमेकींच्या आरशातल्यासारखा यायला हवा, दोन-चार डिग्री इकडेतिकडे झालं तरी मागून चालणाऱ्या गाडीतल्या माणसाला काहीतरी खटकतं. त्यांनी टिपच्या आतला वेल्डचा शिवण खाली ठेवून सुरुवात केली, मग टिपच्या तोंडावर सपाट पट्टी आडवी धरून तिच्यावर मोबाइलचं लेव्हल ॲप ठेवून दोन्ही बाजूंचे अँगल जुळवले. साधी युक्ती पण अचूक.

लिफ्टवर टिप्स फक्त बोटाने आवळल्या. फायनल काम जमिनीवर, चारही चाकं टेकलेली असताना. मागच्या बंपरच्या मधोमध मास्किंग टेप लावून खूण केली, तिथून खरोखरचा ओळंबा सोडला, गवंड्याकडे असतो तोच, जमिनीवर खडूने मध्यरेषा काढली आणि दोन्ही टिप्सची अंतरं मोजली. इथे एक मजा कळली. बंपरच उजव्या बाजूला तीनेक मिलिमीटर खाली बसलाय, आधी कधीतरी काढून लावला असणार. म्हणजे टिप्स जमिनीला समांतर लावल्या तर कटआउटमधला गॅप दोन्हीकडे वेगळा दिसणार, आणि कटआउटप्रमाणे लावल्या तर टिप्स जमिनीला तिरक्या. दादांचं म्हणणं, "डोळा गॅप बघतो, जमीन नाही बघत." म्हणून वर-खाली आणि डावी-उजवी हे कटआउटप्रमाणे घेतलं आणि आत-बाहेर मात्र मध्यरेषेला काटकोन धरून, कारण वरून बघताना एक टिप पुढे आणि एक मागे असली तर ती लगेच कळते. हा निर्णय मला शंभर टक्के पटला आणि दुसऱ्या कुठल्या दुकानात कोणी एवढा विचार केला असता असं मला वाटत नाही.

डावी बाजू काही केल्या वर येईना. टिप वर उचलली की मफलरच खाली झोल खायचा. तिथला वेल्डर पोरगा, गुजराती, गाडीखालून ओरडला की रबर गेलंय. मफलर लटकवणाऱ्या मागच्या हँगरचं रबर लांबट होऊन भोक अंडाकृती झालं होतं. जुन्या गाडीत टिप्स बसवायच्या आधी हे रबर बघायलाच हवं, नाहीतर आज केलेलं सगळं ॲडजस्टमेंट सहा महिन्यांत खाली येणार. नवीन रबर त्यांच्याकडे नव्हतं, मलाच शोधून आणावं लागलं, त्यात काम पुढच्या आठवड्यावर गेलं. दोन्ही बाजूंची बदलली, एकच बदललं असतं तर नवं रबर आणि जुनं रबर वेगवेगळं बसलं असतं.

मग पुढून मागे असं सगळं आवळत आले, म्हणजे आधी मधला जॉइंट सैल करून लाइन नैसर्गिक जागेवर बसू दिली, मग तो आवळला, मग मफलर, शेवटी टिप. उलटं केलं तर टिपपाशी जुळवलेलं पुढचा जॉइंट आवळताना फिरतं. थंड गाडीवर वरचा गॅप पंधरा मिलिमीटर, बाजूंना बारा-बारा, खाली जरा जास्त. वर जास्त जागा का, तर उष्णता वर जाते आणि वितळलेली कड ही नेहमी वरची असते. खाली जास्त का, तर रबर हळूहळू बसतं आणि खड्ड्यात मफलर खाली झेपावतो. टिपचं तोंड बंपरच्या कडेपासून आठ मिलिमीटर बाहेर.

इथपर्यंत कोणताही बरा फिटर येतो आणि चावी हातात देतो. ह्या लोकांनी गाडी सुरू करायला लावली. दादा म्हणाले, "थंड असताना सरळ दिसली त्याला काय अर्थ, गरम झाल्यावर कुठे जाते ते बघायचं." त्यांच्या पाइपिंगमध्ये हा रोजचा विषय आहे, वाफेच्या लाइनला वाढायला जागा ठेवावीच लागते. हिशोब असा की ३०४ चा एक मीटर पाइप १०० डिग्रीने तापला की साधारण पावणेदोन मिलिमीटर लांबतो, गाड्यांच्या कंपनी एक्झॉस्टमध्ये जे फेरिटिक स्टील असतं ते जरा कमी, एक-सव्वा मिलिमीटर. माझ्या लाइनला चुंबक चिकटतं, म्हणजे फेरिटिक. पुढे इंजिनपासून मागे टिपपर्यंत तीनेक मीटर लांबी धरा आणि सरासरी अडीचशे-तीनशे डिग्री धरा, आठ-दहा मिलिमीटर येतात. पुढचं टोक इंजिनला बांधलेलं, म्हणजे ही वाढ सगळी मागे येणार आणि वाकणं असतील तिथे थोडी बाजूला पण.

आम्ही गाडी घेऊन वाघोडियाच्या बाजूला लांब चक्कर मारली, परत येऊन लगेच मोजलं. टिप्स बाहेर आल्या होत्या, डावी सात मिलिमीटर, उजवी चार. आणि डावी थोडी आतल्या अंगाला सरकली होती, बाजूचा गॅप बाराचा आठ. थंड असताना काटेकोर जुळवलेली जोडी गरम झाल्यावर तीन मिलिमीटरने विजोड. मग गाडी गरम असतानाच वेल्डर पोराने ब्रेक दाबून डी आणि आर मध्ये गिअर टाकून दाखवला, दादा मागे टॉर्च घेऊन बसलेले, इंजिन माउंटवर झोका घेतं तसा एक्झॉस्टही हलतो आणि टिपचा गॅप क्षणभर कमी होतो. बंपरला टेकत नव्हती, पण आठमधून आणखी कमी होत होतं हे स्पष्ट दिसलं.

गरम पाइपला हात लावता येत नाही, म्हणून गार व्हायची वाट बघायची. जवळच एका टपरीवर सेव उसळ खाल्ली, झणझणीत, तर्री मागून घेतली. परत आल्यावर त्यांनी डावी टिप मुद्दाम चार मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आणि तीन मिलिमीटर पुढे, बंपरच्या आत लावली. म्हणजे आता थंड गाडी बारकाईने बघितली तर डावी टिप एवढीशी आत दिसते, आणि दहा-पंधरा मिनिटं चालवली की दोन्ही एका रेषेत येतात. परत चक्कर, परत मोजणी, ह्यावेळी दोघींत एक मिलिमीटरचा फरक आणि बाजूचे गॅप बारा. ते बघून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. शेवटी गार झाल्यावर क्लॅम्प पुन्हा टॉर्क रेंचने आवळले कारण पहिल्या तापण्यानंतर ते थोडे सैल पडतातच.

वितळलेल्या कडेचं काय केलं तर वाकलेला भाग गरम हवेने मऊ करून आतून लाकडी ठोकळ्याने दाबून जमेल तेवढा सरळ केला आणि आतल्या बाजूला उष्णता परतवणारी ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली. नक्षी गेली ती गेली. चार फुटांवरून कळत नाही.

आवाजाचं विचारतात सगळे, म्हणून सांगतो, आवाज बदललेला नाही. टिपने आवाज बदलत नाही, मफलरने बदलतो. खुळखुळ गेली म्हणून गाडी जास्त शांत आणि खर्जातली वाटते इतकंच. ज्यांना आवाज वाढवायचाय त्यांनी सायलेन्सर काढायचा विचार करू नये, मोटर व्हेइकल ॲक्टच्या कलम १९० मध्ये ह्यासाठी दहा हजारांपर्यंत दंड आणि तुरुंगाचीही तरतूद आहे, आणि शेजारीपाजारी म्हातारी माणसं लहान मुलं असतात त्यांचाही विचार करावा. पीयूसीला काही अडचण आली नाही. टिप घेताना आत जाळी किंवा नकली पडदा असलेली घेऊ नका, पीयूसीवाल्याला प्रोब बराच आतपर्यंत घालावा लागतो, तो अडतो.

वर्कशॉपच्या तक्रारी. फोन उचलत नाहीत, उचलला तर "या की" म्हणतात आणि गेलं की डेअरीचं अर्जंट काम चालू असतं. गाडीच्या कामाची सवय नसल्यामुळे सीट कव्हर, फेंडर कव्हर असलं काही नाही, मी घरून जुन्या चादरी नेल्या होत्या त्या अंथरल्या. शेडमध्ये ग्राइंडिंग चालू असतं, त्याचे लोखंडाचे बारीक कण उडून पेंटवर आणि काचेवर बसले की नंतर गंजाचे ठिपके येतात, म्हणून गाडी शेडबाहेर लावायला सांगा, मी सांगितलं तर त्यांनी ऐकलं. क्लॅम्प आणि रबर आपण आणायचं. मजुरी, दोन स्लीव्ह आणि दोन्ही दिवसांचं ॲडजस्टमेंट धरून साडेचार हजार घेतले, एवढ्या मेहनतीला मला ते कमीच वाटले, बिल मात्र मागून घ्यावं लागलं.

हे सगळं होऊन एक अख्खा पावसाळा गेला. अहमदाबाद एक्सप्रेसवेवर किती वेळा नेली, केवडियालाही नेली, बडोद्यातले स्पीड ब्रेकर तर रोजचेच. टिप्स जागच्या हलल्या नाहीत, गॅप तोच, खुळखुळ नाही, गंजाचा एक ठिपका नाही. आतल्या भिंतीला सोनेरी छटा आलीय, बाहेरची पांढरी आहे. तोंडाच्या कडेला काळी काजळी येते, थंड इंजिन सुरू करताना मिश्रणात पेट्रोल जास्त असतं त्यामुळे, आठवड्याला ओल्या मायक्रोफायबरने पुसली की निघते. साचू दिली तर मेटल पॉलिश लागतं. भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी कधीही वापरू नका, तिचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि तेच गंजतात, मग लोक म्हणतात ३०४ गंजलं. इथलं बोअरचं पाणी जड आहे, धुतल्यावर तसंच वाळू दिलं की क्षाराचे पांढरे डाग गरम धातूवर पक्के बसतात, म्हणून टिप्स आधी गार होऊ द्या, मग धुवा आणि लगेच कोरड्या करा.

टिप्सना पाचपैकी चार, एक कमी एवढ्यासाठी की ५७ आणि ६० मिलिमीटरच्या पाइपसाठी स्लीव्ह बॉक्समध्येच द्यायला हवे होते. वर्कशॉपला पाचपैकी पाच, फोन न उचलण्यासकट.

जाणार असाल तर बुधवार-गुरुवारी सकाळी जा, सोमवारी त्यांच्याकडे कारखान्यांची माणसं असतात आणि शनिवारी अर्धा दिवस. गाडी थंड घेऊन जा, शक्य असेल तर आदल्या रात्रीच जवळ नेऊन ठेवा, आणि टाकीत लांबच्या चकरांपुरतं पेट्रोल असू द्या. हँगरची रबरं आधीच मागवून ठेवा. आणि दादांना म्हणा की गरम करून मोजायचंय, तसे ते न सांगताही मोजतात, पण गाडीवाला स्वतःहून म्हणाला की त्यांना फार बरं वाटतं.